WWE या कुस्ती कंपनीचा ‘नाइट ऑफ चॅम्पियन्स’ हा कार्यक्रम पहिल्यांदाच बघताय?

सगळी वर्षं एकदम बघायला घेऊ नका. 2023 चा जेद्दाहचा कार्यक्रम घ्या. सेथ रॉलिन्स विरुद्ध ए. जे. स्टाइल्स ही पहिलीच लढत सुरुवातीला उत्तम.

नवखे चुकतात ते नियमात. चॅम्पियन रिंगबाहेर राहून पंचांचे दहा आकडे पूर्ण झाले किंवा तो अपात्र ठरला, तर लढत हरतो, पण पट्टा, म्हणजे विजेतेपद, त्याच्याकडेच राहतो. म्हणून अडचणीतला चॅम्पियन मुद्दाम बाहेर सरकतो. हे कळलं की खरी रंगत येते!

- पिनच्या वेळी, म्हणजे तीन मोजेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला जमिनीला टेकवून ठेवताना, खालच्याचे खांदे बघा. पाय दोरीवर असेल तर मोजणी थांबते.
- नावात ‘चॅम्पियन्स’ आहे म्हणून प्रत्येक लढत पट्ट्यासाठीच असते असं समजू नका. ब्रॉक लेस्नर-कोडी ऱ्होड्ससारख्या बिनपट्ट्याच्या लढतीही 2023 च्या कार्यक्रमात होत्या.

जुन्या वैरांचा इतिहास सध्या राहू द्या.