वाय गुणसूत्रावरचं जनुक: म्युटंट की आरएनएआय?

फळमाशीच्या वाय गुणसूत्रावरच्या केएल-३ सारख्या जनुकाचा क्रिस्परने (डीएनए कापून बदलण्याच्या तंत्राने) सरळ म्युटंट, म्हणजे कायमचं बिघडलेलं रूप, का करू नये, आरएनएआयचा (जनुकाचा आरएनए संदेश नष्ट करून ते गप्प करण्याच्या तंत्राचा) वळसा कशाला, असं तुम्ही विचारलंय. अडचण म्युटंट बनवण्यात नाही, टिकवण्यात आहे. फळमाशीत वाय नसलेला, एकच एक्स असलेला ‘एक्सओ’ नर व्यवस्थित जगतो, फक्त वांझ असतो. केएल-३ आणि केएल-५ ही जनुकं शुक्राणूच्या शेपटीतलं डायनीन (शेपटी हलवणारं प्रथिन) बनवतात. ती मोडली की नर वांझ, आणि वाय पुढच्या पिढीत नेणारा तोच. जादा वाय देऊन स्टॉक (पिढ्यान्‌पिढ्या राखलेला माश्यांचा वंश) सांभाळता येतो, पण ते किचकट आहे. वायवर रिकॉम्बिनेशन (जोडीच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल) होत नाही, त्यामुळे नेहमीचं मॅपिंगही (जनुकाची जागा शोधणं) नाही.

आरएनएआयमध्ये गॅल-४ (हेअरपिन चालू करणारं प्रथिन) माश्यांच्या एका लाइनमध्ये, म्हणजे वंशात, हेअरपिन (जनुक गप्प करणारा दुमडलेला आरएनए) दुसरीत, आणि दोन्ही लाइन धडधाकट. वांझ होतात ते फक्त क्रॉसमधून निघालेले नर. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी सुरुवात इथूनच करावी.

ड्रायव्हर, म्हणजे गॅल-४ ची लाइन, बॅम-गॅल-४ घ्या; तिच्यात गॅल-४ बॅम या जनुकाबरोबर चालू होतो. केएल-३ सारखी जनुकं प्रायमरी स्पर्मॅटोसाइटमध्ये (ज्यांपासून पुढे शुक्राणू बनतात त्या पेशींत) चालू होतात. बॅम त्याच्या जरा आधी सुरू होतो, म्हणजे हेअरपिन वेळेवर तयार असते. हेअरपिनची लाइन व्हॅलियम-२० किंवा २२ (हेअरपिन माशीत घालायचे डीएनए-वाहक) ची, शॉर्ट हेअरपिनवाली निवडा. व्हॅलियम-१० च्या लांब हेअरपिन शरीरपेशींत चांगल्या चालतात, जननपेशींत त्यांच्यावर भरवसा नको. तापमान वाढवलं की गॅल-४ जोमात येतो खरा, पण ३० अंशांच्या आसपास वाढलेले नर मुळातच वांझ निघतात. तेव्हा कंट्रोलही (तुलनेसाठीचे, आरएनएआय नसलेले नर) त्याच तापमानाला वाढवा, नाहीतर निकालाला काही अर्थ उरत नाही.

आता खरी डोकेदुखी. वायवरची बरीच जनुकं इतर गुणसूत्रांवरून आलेल्या प्रती आहेत. वायवरचं एफडीवाय जनुक आणि त्याचं दुसऱ्या गुणसूत्रावरचं मूळ व्हिग-२ यांचा क्रम जवळजवळ सारखाच आहे. तिथे हेअरपिन दोघांनाही गप्प करेल. लाइन मागवण्याआधी तिचा २१ अक्षरांचा क्रम माशीच्या अख्ख्या जीनोमशी (सगळ्या डीएनएशी) ताडून पाहा. शक्य असेल तर वेगवेगळ्या जागी बसणाऱ्या दोन हेअरपिन वापरा. जनुक किती गप्प झालं ते मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीसाठी एक्सओ नराच्या वृषणाचा आरएनए निगेटिव्ह कंट्रोल म्हणून लावा. तिथे सिग्नल आला तर तुमचे प्रायमर (चाचणीत जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) वायपुरते नाहीत.

आणि ‘नर वांझ’ एवढं लिहून थांबू नका. वृषण उघडून शुक्राणू हलतात का, सेमिनल व्हेसिकल (शुक्राणू साठवणारी पिशवी) भरलेली आहे की रिकामी, ते बघा. जनुक नेमकं कुठे लागतं ते तिथेच कळतं.