स्वर्गात संपत्ती साठवायची, पण सुरुवात कुठून?

ताई, बायबलमधलं मत्तय 6:19-21 (संपत्ती पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात साठवा; जिथे संपत्ती तिथे मन) वाचून थांबू नका, सोबत महिन्याचा हिशोब उघडा. मन कुठे गुंतलंय ते बँकेच्या पासबुकात दिसतं.

पहिल्यांदा एवढंच करा. पगार झाला की त्याच दिवशी अर्पणाची, म्हणजे चर्चला द्यायची रक्कम वेगळ्या पाकिटात काढा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटलं तर काहीच उरत नाही. 1 करिंथ 16:2 मध्ये प्रेषित पौलही हेच सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढा. 25,000 पगारात दशांशाचे (मिळकतीचा दहावा भाग) 2,500 जड जात असतील तर 500 पासून सुरू करा, पण नेमाने. 2 करिंथ 8:12 प्रमाणे जवळ आहे त्यावरून मोजलं जातं, नाही त्यावरून नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- कर्ज काढून देणं.
- आईवडिलांची औषधं थांबवून चर्चला देणं. मार्क 7:9-13 मध्ये येशूने नेमकं यावरच बोट ठेवलंय. आधी घर सांभाळा.
- ‘दिलं की दुप्पट मिळतं’ हा हिशोब. ही तर गुंतवणूकच झाली, तीही पृथ्वीवरचीच!
- पावती सगळ्यांना दाखवणं (मत्तय 6:1-4).

पैसा मुळात पाप नाही. 1 तीमथ्य 6:17-19 धनवानांना गरीब व्हा म्हणत नाही. धनावर भिस्त ठेवू नका, उदार व्हा म्हणतं. दशांश एकूण पगारावर की हातात येणाऱ्या रकमेवर, हा वाद सध्या बाजूला ठेवा. तीन महिने पाकीट चालू द्या, मग पाळकांशी बोला.