वानवडीला जाशील तेव्हा

लष्कर, ग्वाल्हेर

बाळ,

अनेक आशीर्वाद. तू सैन्यात अधिकारी व्हायला खडकवासल्याच्या एनडीएत निघालीस हे कळल्यापासून बाड्याच्या चौकावरून जाताना तुझीच आठवण येते. आपल्या वस्तीचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि त्या तळाचंच शहर झालं.

शौर्याबद्दल तिथे तुला पुष्कळ ऐकायला मिळेल. मला बोलायचंय ते पगाराबद्दल.

१७८७ च्या जुलैत महादजी शिंदे जयपूरवर चालून गेले. लालसोटजवळ लढाईचा निकाल लागला नाही, पण त्यांच्या छावणीतल्या जुन्या मोगली पलटणी उठून शत्रूला जाऊन मिळाल्या. पगार थकले होते. महादजींसारख्या सेनापतीला माघार घ्यावी लागली. पुढे त्यांनी आपल्या युरोपी सेनापतीचे, डी बॉयनचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, वाढवले, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूखच लावून दिला. १७९० साली राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच कंपूंनी जिंकल्या. कवायतीचं कौतुक सगळे करतात. वेळेवर मिळणाऱ्या पगाराचं कुणी करत नाही.

आणि १८०३ बघ. इंग्रजांनी आमिष दाखवल्यावर दौलतरावांचे कितीतरी युरोपी अधिकारी नोकरी सोडून गेले, खुद्द सेनापती पेराँ इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. शिपाई गेले नाहीत. लासवारीच्या लढाईत दौलतरावांचे गोलंदाज तोफांपाशीच मेले. ते वाचताना मला आजही भरून येतं. हिंमत शिपायाजवळ असतेच गं. त्याच्याजवळ थांबणारा अधिकारी हवा असतो.

मी नवा लेफ्टनंट असताना माझ्या प्लाटूनमधल्या एका जवानाचा पगार कागदांच्या घोळात अडकला. त्याने दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा "होईल" म्हणालो. पैसे चौथ्या महिन्यात मिळाले. तोपर्यंत त्याने घरी कर्ज काढलं होतं. नंतर तो माझा प्रत्येक हुकूम पाळायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. तसं तुझ्या वाट्याला येऊ नये. कुणी काही सांगितलं की त्याच दिवशी कागद हातात घे आणि जमणार नसेल तर तसं तोंडावर सांग.

पुण्यात सुटी मिळाली की वानवडीला महादजींच्या छत्रीवर, म्हणजे त्यांच्या स्मारकावर, जाऊन ये. पानिपतातून जखमी महादजींना वाचवणारा राणेखान भिस्ती होता, पाणी वाहणारा. महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. पलटणीत रुजू होशील तेव्हा पाणी कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, त्यांची नावं पहिल्याच आठवड्यात विचारून घे. मला पत्रात कळव.

तुझा,
काका