पगार 21,000 च्या वर गेला म्हणून मध्येच ईएसआय कापणं बंद केलं असेल तर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. साकीनाक्याच्या कारखान्यात नोकरी, जूनमध्ये मिस्टरांचा पगार 20,500 वरून 22,400 झाला, एचआरने त्याच महिन्यापासून ईएसआय (21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगारांच्या राज्य विम्याची वर्गणी) कापणं थांबवलं, आणि आता जानेवारीत हर्नियाच्या ऑपरेशनच्या तोंडावर पॅनल डॉक्टर म्हणतात, तुमचं नाव यादीत नाही. आमच्या घराने हेच भोगलंय. ईएसआयचं ई-पहचान कार्ड, आधार जोडणी वगैरे तुम्ही केलेलंच असणार, त्यावर लिहीत नाही.

डॉक्टरांवर चिडू नका. पॅनल डॉक्टर म्हणजे ईएसआयच्या यादीवरचे, स्वतःचा दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर. त्यांना तपासणीमागे पैसे मिळत नाहीत. यादीतल्या प्रत्येक विमाधारकामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळते, मग तो वर्षात दहादा येवो की एकदाही न येवो. नाव यादीतून गेलं की तुमच्यापोटी त्यांना काही मिळत नाही, आणि नाव परत घालणं त्यांच्या हातात नसतं. यादी चालते वर्गणीच्या नोंदीवर, आणि नोंद करते कंपनी.

खरी चूक जूनमध्ये झाली. वर्गणीचे काळ दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला पगार 21,000 च्या मर्यादेत असेल आणि मध्येच वाढला, तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत 30 सप्टेंबरपर्यंत, वाढलेल्या पूर्ण पगारावर वर्गणी भरावीच लागते. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. बऱ्याच एचआरवाल्यांना वाटतं, 21,000 ओलांडले की विषय संपला. नाही संपत.

आणि ही चूक लगेच कळत नाही, हे सगळ्यात वाईट. एप्रिल–सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. जुलै ते डिसेंबर तुम्ही आधीच्या ऑक्टोबर–मार्चच्या वर्गणीवर सुरक्षित होतात, म्हणून सगळं सुरळीत वाटलं. लाभासाठी त्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. तुमची एप्रिलची 30 आणि मेची 31, मिळून 61. म्हणून 1 जानेवारीला दार बंद झालं. एकटा जून भरला असता तरी 91 झाले असते!

आता रक्कम बघा. 22,400 वर कामगाराचे 168 आणि मालकाचे 728, महिन्याला 896. जून ते सप्टेंबर मिळून 3,584 रुपये. एवढ्यासाठी ऑपरेशन अडलं, आणि घरी विश्रांतीच्या काळात मिळणारी 70 टक्के मजुरीही अडली. महिनाभराची रजा धरली तर ते सुमारे 15,000 होतात (पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत).

कंपनीला लेखी अर्ज द्या: जून ते सप्टेंबरची राहिलेली वर्गणी व्याजासह भरा. व्याज वर्षाला 12 टक्के, ते कंपनीचं. ‘तुमचा हिस्सा आताच्या पगारातून कापतो’ म्हणाले तर नकार द्या. कामगाराचा हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो, नंतर नाही. जून–सप्टेंबरच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि ईएसआयच्या पोर्टलवरून काढलेला वर्गणीचा तपशील सोबत जोडा.

अर्जाची एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले ते एका कार्यालयात. खिडकीवरून दर वेळी ‘कंपनीकडे जा’, कंपनी म्हणे ‘तिकडे विचारा’, आणि हातात कागद एकही नाही. तोंडी उत्तराला काही किंमत नसते. कायद्याने मालकाने वर्गणी चुकवली तर त्याची वसुली मालकाकडून व्हायची असते, कामगाराचा लाभ बुडायचा नसतो. पण हे मांडायला तारखेची पोच लागते. शाखेत दाद लागली नाही तर लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर पंचदीप भवनात प्रादेशिक कार्यालय आहे. ‘सुविधा समागम’ची तारीख विचारा, तिथे तक्रार समोरासमोर ऐकतात.

दुखणं अचानक वाढलं, गाठ कडक झाली, उलट्या सुरू झाल्या, तर कागदांसाठी थांबू नका, सरळ घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात न्या. एरवी मात्र ईएसआयच्या रेफरलशिवाय (पुढे पाठवल्याच्या चिठ्ठीशिवाय) खासगीत ऑपरेशन करून बिल मागू नका. परतावा मुख्यतः तातडीच्या वेळीच मिळतो, तोही सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या) दराने, म्हणजे बिलापेक्षा बराच कमी.

जाता जाता: ओव्हरटाइम 21,000 च्या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे तो धरून कोणाला बाहेर काढलं असेल तर तेही चूक. 30 जूननंतर तुमचं ईएसआय बहुधा संपेल, तेव्हा राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड नीट करून ठेवा. पांढरं कार्डही चालतं, मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख. तिथेही आधी रोख भरून मग परत मागता येत नाही, दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) गाठावं लागतं.

मी वकील नाही. नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि पगाराची व्याख्याही बदलली आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यांचा हिशेब स्लिपमधल्या कुठल्या आकड्यावर धरतात, हे शाखेत लेखी विचारा. तुमच्या जून–सप्टेंबरच्या चार महिन्यांचा अर्ज मात्र या आठवड्यातच द्या.