मिनिमम ड्यू भरलं म्हणजे बिल भरलं का?

प्रश्न : ताई, पहिली नोकरी लागल्यावर तीन महिन्यांपूर्वी मी पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं. पुढे घरासाठी लोन काढायचंय म्हणून आत्तापासूनच क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपण उधारी किती नीट फेडतो ते दाखवणारा आकडा, चांगला करायचाय. ऑफिसमधले एक सिनियर म्हणाले, पूर्ण बिल भरू नकोस, थोडी बाकी ठेव, बँकेला व्याज मिळालं की स्कोअर वाढतो. म्हणून दोन महिने मिनिमम ड्यूच, म्हणजे बिलावर दिलेली कमीत कमी रक्कमच, भरतोय. बरोबर करतोय ना? – एक वाचक

उत्तर : नाही रे, हे आजच थांबव. हा गैरसमज इतका पसरलाय की मला खरंच काळजी वाटते, कारण यात फसतात ती तुझ्यासारखी मनापासून नीट वागू पाहणारी मुलंच. तू व्याज किती दिलंस हे स्कोअरमध्ये कुठेच धरत नाहीत. कार्ड वापरलं, बिल आलं, तारखेच्या आत भरलं, एवढी नोंद झाली तरी पुरते आणि ती पूर्ण बिल भरूनही होतेच.

बाकी ठेवल्यावर काय होतं बघ. समजा व्याज महिन्याला 3 टक्के आहे, ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं, आणि वर बाकी असताना नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवस साधारणपणे बंदच होतात, म्हणजे आज काही घेतलंस की त्याच्यावर आजपासूनच मीटर चालू. एटीएममधून कार्डवर कॅश काढली तर बहुतेक कार्डांवर तसंही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तेव्हा ते नकोच.

एक दिलासा आहे, मिनिमम का होईना वेळेत भरलंस म्हणून उशिराची नोंद झाली नसणार. हे महत्त्वाचं आहे, फायको नावाच्या स्कोअरमध्ये पेमेंटच्या इतिहासाला 35 टक्के वजन असतं आणि कर्जाच्या बोज्याला 30 टक्के. दुसऱ्या भागात लिमिटपैकी किती वापरलंय हे बघतात, ते 30 टक्क्यांच्या आत ठेव, जितकं कमी तितकं बरं.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे आपल्या उधारीची नोंद ठेवून रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, बहुतेक वेळा स्टेटमेंट निघालं त्या दिवसाची बाकी जाते, त्यामुळे तू 70 टक्के लिमिट वापरून शेवटच्या तारखेला सगळं भरलंस तरी रिपोर्टवर 70च दिसू शकतं. मोठी खरेदी झाली असेल तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकायचे.

पूर्ण बिलाचा ऑटो-पे लाव, आणि त्या दिवशी खात्यात पैसे आहेत ना हे मात्र बघ. स्कोअर लवकर वाढेल म्हणून चार कार्डांना अर्ज करू नकोस, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. आणि हे पहिलं कार्ड फुकट असेल तर पुढेही चालू ठेव, खातं जितकं जुनं तितकं चांगलं.

आता या महिन्यात सगळी बाकी भर. त्यानंतरच्या बिलातही थोडं व्याज लागून येईल, घाबरू नकोस, स्टेटमेंट निघाल्यापासून तू पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं ते, तेवढंही भर, की त्याच्या पुढचं बिल बिनव्याजी येईल.