ड्रायर आधी, बोर्ड नंतर

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, गिऱ्हाइकानं स्वतः येऊन मशीनवर कपडे धुऊन-वाळवून न्यायचं दुकान काढायचा आराखडाही बघितला. सहा वॉशिंग मशीन, दोन ड्रायर, खडेबाजारात गाळा, उद्घाटनाच्या महिन्यात निम्मा दर. गिऱ्हाईक कशानं येईल एवढंच तू विचारलंयस, पण तुझ्या आकड्यांतच त्याचं उत्तर अडकलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या बेळगावात लोक तुझ्याकडं धुणं धुवायला कमी आणि वाळवायला जास्त येतील. असलं पहिलं दुकान १९३४ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावात निघालं असं सांगतात. चार मशीन मांडली आणि तासाच्या भाड्यानं दिली. मंदीचे दिवस होते, घरात मशीन घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती, म्हणून ते चाललं. तुझ्या गल्लीत आज तशी स्थिती नाही. टिळकवाडी-हिंदवाडीतल्या बऱ्याच घरांत मशीन आहे. नसतं ते जून ते सप्टेंबरमधलं ऊन. दोरीवरची पँट दोन-दोन दिवस ओली राहते, शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो, फ्लॅटच्या हॉलमध्ये पंख्याखाली साड्या टांगलेल्या असतात. त्या घरातली बाई घरीच धुऊन, पिळून बादली घेऊन तुझ्याकडं येईल. तिला "धुतल्याशिवाय नुसतं वाळवून मिळत नाही" असं सांगायची वेळ येऊ देऊ नकोस. नुसतं वाळवण्याचा दर वेगळा ठेव आणि तो दारातच मोठ्या अक्षरांत लाव.

आता सहाला दोनचं गणित बघ. धुण्याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. सुती कपडे नीट वाळायलाही जवळपास तेवढाच, जाड असले तर जास्तच. म्हणजे सहा मशीन एकदम थांबली की दोन ड्रायरपुढं ओल्या बादल्यांची रांग लागणार. त्या रांगेत एकदा ताटकळलेलं माणूस परत येत नाही. मशीन चार कर, ड्रायर चार किंवा पाच कर. आणि मशीन घेताना पिळण्याचा वेग बघून घे. जोरात फिरवून काढलेलं पाणी स्वस्तात निघतं, तेच पाणी उष्णतेनं काढायचं तर गॅस नाहीतर वीज जळते. ड्रायर निम्म्याच्या थोडा वर भरायचा, ठासायचा नाही. कपड्यांना आत उलटायला-पालटायला जागा मिळाली नाही तर तास गेला तरी मधला टॉवेल ओलाच निघतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं की मशीन खराब आहे.

पावसाळ्याइतकाच महत्त्वाचा दुसरा हंगाम म्हणजे दसरा काढण्याचे दिवस. घटस्थापनेच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण, पडदे, चादरी, वाकळा सगळं धुऊन काढायचं, ही रीत खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी पाळतात. पूर्वी गाडी भरून नदीवर नाहीतर विहिरीवर जायचे. आता शहरात नदी कुठली, आणि अपार्टमेंटच्या बाथरूममध्ये वाकळ धुवायची म्हणजे सून आणि सासू दोघींची कंबर जाते. भिजलेली वाकळ उचलून बघितलीयस कधी? जुन्या साड्यांचे थरावर थर, वर दाट टाके, आणि प्रत्येक थर पाणी धरून बसलेला. घरच्या छोट्या मशीनमध्ये ती एक तर मावत नाही, किंवा पिळताना सगळं वजन एका बाजूला जाऊन मशीन धडधडत जागेवरून सरकतं. त्यातून त्या दिवसांत परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही.

म्हणून चारपैकी दोन मशीन तरी मोठ्या ड्रमची घे, आणि त्यांच्या जोडीचा मोठा ड्रायरही. माणूस नव्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकतं ते घरी न होणारं काम घेऊन. वाकळ घेऊन आलेली बाई जाताना तुझी वेळ, दर, बसायची जागा सगळं बघून जाते. पुढच्या जूनमध्ये शाळेचे गणवेश घेऊन तीच येते. निम्म्या दराच्या जाहिरातीनं आलेलं माणूस दर पूर्ण झाला की दिसेनासं होतं. तो पैसा मोठ्या ड्रमात घाल.

पण वाकळ घेताना हातानं चाचपून बघ. टाके उसवलेले असतील तर आधीच सांग, आणि पिळण्याचा वेग कमी लाव. आजीच्या हातची वाकळ फाटली तर त्याची भरपाई पैशात होत नाही. आणि घोंगडं कुणी आणलं तर सरळ नाही म्हण. लोकर गरम पाण्यात घुसळली आणि वर ड्रायरमध्ये घातली की आटते, तिचा जाड नमदा होतो, आणि तो परत सरळ होत नाही. नाही म्हटल्यानं एक गिऱ्हाईक जाईल असं तुला वाटेल. मला तर उलट वाटतं. आपला माल सांभाळणारी पोरगी आहे, हे दहा घरांत तेच सांगतील.

सुतक फिटल्यावरही घरं सगळे कपडे-अंथरुणं धुऊन काढतात. असं कुणी आलं तर रांग असली तरी त्यांना आधी जागा दे, आणि फार विचारपूस करू नकोस.

जागेचं बोलतो. खडेबाजार सोड. तिथली गर्दी खरेदीची असते. अंथरुणाचं गाठोडं घेऊन त्या गर्दीतून कोण चालेल, आणि गाडी कुठं लावेल? दारात दोन मिनिटं रिक्षा थांबेल अशी जागा बघ. नेहरूनगरला केएलई रुग्णालयाच्या आसपास गाळा मिळाला तर मी डोळे मिटून घे म्हणेन. तिथं मेडिकलची पोरं-पोरी आहेत, नर्सा आहेत. शिवाय बाहेरगावाहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, दोन जोड कपड्यांवर आठवडा काढणारे. त्यांना तासाभरात धुऊन-वाळवून हातात हवं असतं, आणि बाजूला दोन घटका टेकायला बाकडं मिळालं तर फार बरं वाटतं. त्यांच्यासाठी पिण्याचं पाणी ठेव.

उद्यमबागही वाईट नाही, गोगटे इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आहेत. फक्त तिथं एक काळजी घे. तिथल्या फाउंड्रीतून, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातून, येणाऱ्या कपड्यांत काळी वाळू आणि तेल असतं. त्यांच्यासाठी एक मशीन कायम वेगळं ठेव, आणि वर तसं लिही. कामगाराला परत पाठवायचं नाही, त्याचा शर्टही स्वच्छ निघाला पाहिजे. पण त्याच ड्रमात पुढच्याची पांढरी चादर गेली तर दोघंही दुखावतील.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. "दुसऱ्यांनी कपडे धुतलेल्या ड्रमात आमचे कसे घालायचे?" बोलून दाखवणार नाहीत, पण नवीन बाई आधी ड्रममध्ये डोकं घालून वास घेते, मग दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवते. त्या घडीत केस, साबणाचा चिकट थर, एखादं नाणं अडकलेलं असतं. बोट काळं झालं की ती पिशवी उचलून चालू लागते. ती घडी दर गिऱ्हाइकामागं पुसायची. दिवसातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवायचं, आणि तेही लोक बसलेले असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. ड्रायरची जाळी प्रत्येक खेपेनंतर झाडायची. त्यात साचलेल्या तंतूंनी वाळायला वेळ लागतो आणि आगीचाही धोका असतो.

पुढची काच रस्त्यावरून आत दिसेल अशी ठेव, आत लख्ख उजेड ठेव. संध्याकाळी एकट्या मुलीला आत यावंसं वाटलं पाहिजे. घड्या घालायचं टेबल मात्र मागं, आडोशाला. आतले कपडे रस्त्याच्या नजरेसमोर कुणी घडी करणार नाही.

माणसाविना दुकान चालवायचं तुझ्या मनात आहे. पहिलं वर्ष ते करू नकोस. बटणं दाबायला बिचकणाऱ्या बायकांसाठी मराठी, कन्नड दोन्ही बोलणारी एक बाई ठेव. साबणही तीच घालेल, नाहीतर लोक दोन पेले पावडर ओततात, फेस होतो आणि कपडे चिकट निघतात. मधेच वीज गेली तर दार कुलूपबंद राहतं, कपडे आत. त्या वेळी घाबरलेल्या गिऱ्हाइकाला धीर द्यायला कुणीतरी हवं, आणि पैसे न कुरकुरता परत करायला.

इस्त्री ठेवू नकोस. शेजारच्या परटाशी बोल, घड्या घातलेले कपडे त्याच्याकडं पाठव. त्याचं पोट चालेल, आणि मोठी अंथरुणं तो तुझ्याकडं पाठवेल.

बोर्डाची चिंता शेवटी. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणं फलकावर साठ टक्के कन्नड लागतं, तेवढं पाळ. आत मशीनवरच्या सूचना मराठी, कन्नड, हिंदी आणि चित्रांत लाव.

आणि उघडायचं तर मेअखेरीस. मार्चमध्ये उघडलंस तर इथल्या उन्हात चादर तासाभरात वाळते, तुझ्याकडं कोण येईल? तोवर हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, जादा लोडचा अर्ज टाक, आणि गाळ्यातल्या बोअरचं पाणी तपासून घे. जड पाणी निघालं तर पाणी मऊ करायचं यंत्र पहिल्या खर्चात धर, नाहीतर काळ्या कपड्यांवर पांढरे डाग उठतील. पाण्याचा रिपोर्ट आला की मला पाठव. करारावर सही त्यानंतर.

तुझा,
काका