संपावर जाता म्हणजे नक्की कुठे जाता?

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : गुजराती सहकारी हसतात, म्हणतात संप म्हणजे तर एकी, काम बंद ठेवलं की ती हडताळ, तुम्ही मराठी लोक संपावर जाता म्हणजे नक्की कुठे जाता? आणि सगळ्यांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तो संप का?

सहकाऱ्यांचं बरोबर आहे. ‘संप त्यां जंप’, एकी तिथे शांती, ही म्हण वडोदऱ्यातल्या मराठी घरांनाही अनोळखी नाही. मराठीतही संपाचा मूळ अर्थ एकोपा, मेळ हाच. कामगारांनी एकजुटीने काम थांबवलं आणि एकजुटीचं नाव त्या थांबण्यालाच चिकटलं. जुना अर्थ पुरता गेलेला नाही. मागण्या मान्य झाल्या की संप मिटतो. माणसं फितूर झाली की फुटतो. फुटते ती एकीच ना!

गंमत म्हणजे कायदाही इथेच बोट ठेवतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या संपाच्या व्याख्येचा गाभा कामगारांनी ‘एकत्र येऊन’ काम थांबवणं हाच होता. एकट्याने रागाने यंत्र बंद केलं तर तो संप नव्हे. पण एकत्र ठरवलं, की त्याला कट म्हणायलाही वेळ लागत नाही. म्हणून १९२६च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनेच्या सभासदांना कवच दिलं : तंट्यात एकमेकांशी केलेला करार, तो गुन्हा करण्यासाठी नसेल तर, फौजदारी कट ठरत नाही, इतरांना नोकरीचा करार मोडायला लावलं एवढ्यावरून दिवाणी दावाही चालत नाही. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत हे कवच कायम आहे.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संपच. शिवाय १४ दिवस आधी नोटीस हवी. पूर्वी नोटिशीचं बंधन लोकोपयोगी सेवांपुरतं होतं, आता सगळ्याच आस्थापनांना. रजेच्या अर्जांआड संप लपवायची सोय गेली म्हणायची.

हडताळ ही हाट (बाजार) आणि ताळं (कुलूप) यांतून आलेली, म्हणजे मुळात दुकानदारांची. मराठीत ती ‘हरताळ’ होते. हरताळ फासणे मात्र निराळं : तो पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायचा पिवळा रंग.

टाळेबंदीची गल्लत मात्र करू नका. ती मालक करतो. अहमदाबादच्या गिरण्यांत १९१८ साली आधी २२ फेब्रुवारीला मालकांची टाळेबंदी झाली, ती १२ मार्चला उठल्यावर कामगारांचा संप. २०२०च्या साथीत वर्तमानपत्रांनी लॉकडाउनलाही टाळेबंदी म्हटलं, ते मला अजून खटकतं. तुमच्या संघटनेच्या मराठी पत्रकात तरी तो शब्द मालकापुरताच ठेवा.